रिट्रीटमधील मौन कसे पाळावे: निघण्याच्या तयारीपासून घरी परतेपर्यंत

शुक्रवारी रात्रीचे जेवण आटोपते, मार्गदर्शक फादर उभे राहून "आता इथून पुढे रविवारी दुपारपर्यंत मौन" एवढेच सांगतात, आणि ठाण्याहून बसमध्ये भजने म्हणत आलेली तीस-पस्तीस माणसे एकदम गप्प होतात. त्यानंतरची दहा मिनिटे फार अवघडलेली असतात. कोणी आधीच विसळलेले ताट पुन्हा विसळतो, कोणी भरलेली बाटली भरायला परत नळाशी जातो, आणि जिन्यात ओळखीचे कोणी समोर आले की हसावे, मान डोलवावी की खाली पाहून निघून जावे, हे कोणालाच उमगत नाही. गेली अनेक वर्षे मी आमच्या धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) गटांबरोबर अशा रिट्रीटला, म्हणजे रोजचे व्यवहार सोडून एकांतात प्रार्थनेत घालवायच्या दिवसांना, जात आलो आहे, आणि निघण्यापूर्वी लोक विचारतात ते प्रश्न बहुधा तेच असतात: इतका वेळ न बोलता राहवेल का, घरून फोन आला तर काय करायचे, प्रार्थनेत डोळा लागला तर चालेल का, आणि मुळात आपण बोललो तर देवाचे असे काय बिघडते. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

मौन कशासाठी

आपला सगळा दिवस उत्तरे देण्यात जातो. सकाळच्या लोकलमध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने ऑफिसच्या ग्रुपवर "हो, करतो" असे लिहायचे, सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरबद्दल मत द्यायचे, घरी आल्यावर मुलांना, आईवडिलांना, दारात आलेल्या कुरिअरवाल्याला उत्तरे द्यायची. समोरचा बोलत असतो तेव्हाही आपण ऐकत कमी असतो आणि मनात आपले उत्तर जुळवत जास्त असतो. हीच सवय प्रार्थनेतही उतरते. मागण्या होतात, आभार मानून होतात, जपमाळ होते, आमेन म्हणून होते, आणि देवाने काही म्हणावे एवढी उसंत न ठेवता आपण उठून चालू लागतो. रिट्रीटमधले मौन ही उसंत मिळावी म्हणून असते. तीन दिवस आपल्याला कोणालाही काहीही उत्तर द्यायचे नसते, हा त्याचा खरा लाभ आहे, आणि ज्याला हे एकदा उमगते त्याला मौन शिक्षेसारखे वाटत नाही.

पवित्र शास्त्रातील बाल शमुवेलाची गोष्ट या दृष्टीने पुन्हा वाचून पाहावी. रात्री देवाची हाक येते, तो धावत वृद्ध याजक एलीकडे जातो आणि मला बोलावलेत ना, असे विचारतो. असे एकदा नव्हे, तीनदा घडते. त्याच्या तत्परतेत खोट नव्हती, तरीही हाक कोणाची आहे हे त्याला कळले नाही, कारण प्रत्येक वेळी तो उत्तर द्यायला उठून धावला. एली त्याला इतकेच सांगतो की परत जाऊन आपल्या जागी पडून राहा, आणि पुन्हा हाक आली तर म्हण की, बोल, तुझा दास ऐकत आहे. चौथ्या वेळी तो मुलगा जागचा हलला नाही. रिट्रीटमध्ये आपल्याला जे करायचे असते ते एवढेच, आणि ते दिसते त्याहून पुष्कळ अवघड असते.

'मौनं सर्वार्थसाधनम्' हे वचन आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत, पण व्यवहारात त्याचा अर्थ न बोलता आपले काम साधण्याची हातोटी असा घेतला जातो. रिट्रीटमधल्या मौनाने काही साधून घ्यायचे नसते. ते मोडले की दोष लागेल असे व्रतही ते नाही. शब्द निसटला तर पुन्हा गप्प व्हावे, खंत करत बसू नये.

ही रीत नवी नाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमावलीत मौनावर एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेनंतर कोणी बोलू नये असा वेगळा नियमही आहे. मात्र त्या वेळी पाहुणा आला आणि त्याला काही हवे असेल तर बोलण्याची मुभा त्यांनी त्याच नियमात ठेवली आहे, आणि ही मुभा मला नियमाइतकीच मोलाची वाटते. आज कॅथलिक रिट्रीटचा जो साचा आपल्याला परिचित आहे तो मुख्यतः संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांचा आहे. १५२२-२३ मध्ये स्पेनमधील मान्रेसा येथे एकांतात राहून त्यांनी जे अनुभवले आणि टिपून ठेवले, त्यातून 'आध्यात्मिक साधना' ही त्यांची प्रार्थनेची पद्धत आकाराला आली आणि १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी तिला मान्यता दिली. पूर्ण साधना साधारण ३० दिवसांची असते, आणि ती करणाऱ्याने मित्र, ओळखीचे लोक व व्यवहार यांपासून दूर, शक्य तर आपले घर सोडून दुसऱ्या ठिकाणी राहावे, असे इग्नेशियस सुचवतात. पुढे १९२२ मध्ये पोप अकरावे पायस यांनी त्यांना सर्व रिट्रीटचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. आपली शुक्रवार ते रविवारची रिट्रीट हे त्याच झाडाचे छोटे रोप आहे.

निघण्यापूर्वी

पहिल्यांदाच जाणाऱ्याने आठ दिवसांच्या मौनाचा आग्रह धरू नये. एक पूर्ण दिवस किंवा दोन रात्री पुरेशा आहेत. त्यात मन रमले तर पुढच्या वर्षी आठ दिवसांचा विचार करावा, आणि ३० दिवसांचा विचार अनुभवी मार्गदर्शकाशी सविस्तर बोलल्यावरच करावा. अलीकडेच घरात मृत्यू झाला असेल, नैराश्यावर किंवा अन्य मानसिक आजारावर उपचार चालू असतील, तर नाव नोंदवण्यापूर्वी डॉक्टरांशी आणि मार्गदर्शकाशी मोकळेपणाने बोलावे. लांब मौनात दबलेले दुःख अचानक वर येते आणि ते सांभाळायला त्या वेळी जवळ कोणी असणे आवश्यक असते. चालू असलेले कोणतेही औषध, देवावर भरवसा आहे म्हणून, त्या दिवसांत बंद करू नये. हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण तसे करणारी माणसे मी पाहिली आहेत.

निघण्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांत हातातली बारीकसारीक कामे उरकून टाकावीत. विजेचे बिल, सोसायटीचा मेंटेनन्स, मुलांच्या फीची शेवटची तारीख, गॅसचा नंबर: ही कामे राहून गेली की नेमकी प्रार्थनेच्या तासाला दार ठोठावतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे घरात किंवा शेजारी काही भांडण झाले असेल तर निघण्यापूर्वी ते मिटवण्याचा प्रामाणिक प्रयत्न करावा. वेदीपाशी अर्पण आणले असता आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करावा, असे प्रभू येशूने सांगितले आहे. अपुरे राहिलेले भांडण मौनात घेऊन गेलात तर तीन दिवस तुम्ही मनातल्या मनात तेच भांडत राहाल, आणि मनातल्या भांडणात आपण प्रत्येक वेळी जिंकत असल्यामुळे ते लवकर संपतही नाही.

घरच्यांना रिट्रीट हाउसच्या कार्यालयाचा फोन नंबर कागदावर लिहून द्यावा, तो फ्रिजवर चिकटवावा आणि खरोखर गरज पडली तर त्यावर फोन करा, निरोप मला मिळेल, असे सांगून निघावे. एकदा ही सोय झाली की मोबाइल जवळ ठेवण्याचे शेवटचे कारणही उरत नाही. मोबाइल बंद करून पिशवीत ठेवला तर हात आपोआप पिशवीकडे जातो. तो मार्गदर्शकाकडे किंवा कार्यालयात देऊन टाकावा. वेळ पाहायला मनगटी घड्याळ आणि पहाटे उठायला गजराचे छोटे घड्याळ घ्यावे. पहिल्या दिवशी खिशात नसलेला फोन थरथरल्याचा भास अनेकांना होतो, तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ओसरतो.

सामान जितके थोडे तितके बरे. बायबल, एक वही, दोन पेन, टॉर्च, शाल, रोजची औषधे आणि पाय न वाजणाऱ्या चपला. चपलांचे मुद्दाम लिहितो, कारण शांत मार्गिकेत पहाटे साडेचारला वाजणारी एकच चप्पल बारा खोल्यांतल्या माणसांना जागे करते. बायबल कोणते घ्यावे, असे विचारतात. जुने 'पवित्र शास्त्र' कानावर बसलेले असेल तर ते घ्यावे, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' जवळचे वाटत असेल तर ते घ्यावे. मात्र दोन्ही घेऊ नयेत, नाहीतर प्रार्थनेचा तास शब्द ताडून पाहण्यात निघून जातो.

दुसरी पुस्तके नेऊ नयेत, चांगलीसुद्धा नाही. हे मी स्वतःच्या चुकीवरून शिकलो. माझ्या पहिल्या रिट्रीटला मी ठाण्याच्या जुन्या इतिहासाची टिपणे बरोबर नेली होती, कारण १३२१ मध्ये आपल्या याच ठाण्यात फ्रान्सिस्कन संन्यासी थॉमस ऑफ टोलेंटिनो आणि त्यांच्या सोबत्यांनी ख्रिस्तासाठी प्राण दिले, याची मला त्या काळात फार ओढ लागली होती. विषय पवित्र होता, म्हणून तो बरोबर असण्यात काही वावगे आहे असे मला वाटलेच नाही. शनिवारी दुपारपर्यंत मी सतरा पाने लिहिली आणि एकदाही प्रार्थना केली नाही. संध्याकाळी मार्गदर्शकांनी वही पाहिली, मिटली आणि शांतपणे विचारले, "या हुतात्म्यांबद्दल तुम्ही देवाला पुष्कळ सांगितलेत. त्याने तुम्हाला काय सांगितले?" मला उत्तर देता आले नाही. ती वही मी त्यांच्याकडेच ठेवली आणि उरलेला दिवस रिकाम्या हातांनी बसलो. माझी रिट्रीट खऱ्या अर्थाने तेव्हा सुरू झाली.

पहिला दिवस

पहिल्या दुपारी झोप येते, आणि ती घ्यावी. ठाण्याहून चर्चगेटला किंवा नेरुळहून अंधेरीला रोज जाऊन येणारा माणूस महिनोन्महिन्यांचा थकवा घेऊन आलेला असतो, आणि मौन मिळताच शरीर आपली थकबाकी आधी मागते. एलीया संदेष्टा जीव वाचवण्यासाठी रानात पळाला, एका झुडपाखाली आडवा झाला आणि आता मरण आले तर बरे, असे म्हणून झोपी गेला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याने त्याला उठवले, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा उठवले आणि पुन्हा खाऊ घातले. होरेब डोंगरावर वारा, भूकंप आणि अग्नी यांनंतरची ती मंद, शांत वाणी त्याने ऐकली ती यानंतर, ४० दिवस चालून गेल्यावर. रिट्रीटमधल्या प्रवचनांत ती वाणी नेहमी येते. भाकर आणि झोप मात्र राहून जातात.

झोप झाली की गोंगाट सुरू होतो, आणि तो आतला असतो. कधीकाळी ऐकलेली जाहिरात, दहा वर्षांपूर्वी वरिष्ठांनी केलेला अपमान, घराचे हप्ते, मुलीचे लग्न, गॅस बंद केला होता की नाही ही शंका, असे सगळे एकदम बोलू लागते. नवखा माणूस इथे घाबरतो आणि मला मौन जमत नाही, असा निष्कर्ष काढतो. वस्तुतः हा गोंगाट रोज असतोच, बाहेरच्या आवाजात तो ऐकू येत नाही इतकेच. पंखा बंद केल्यावर भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यावी, तसे हे आहे. त्याच्याशी झुंजू नये आणि त्याच्यामागे धावूही नये. जो विचार वारंवार येतो त्याला नाव द्यावे, "हप्त्यांची काळजी", "मोठ्या भावाचा राग", आणि प्रभू, हे तुझ्यासमोर आहे, एवढे म्हणून पुन्हा आपल्या जागी यावे. दिवसातून पन्नास वेळा असे परत यावे लागले तरी हरकत नाही. परत येणे हीच त्या दिवशीची प्रार्थना असते, असे मी अनुभवाने म्हणतो.

काही जण या अवस्थेत आवार झाडायला घेतात, चॅपेलमधली (छोट्या प्रार्थनागृहातली) फुले पुन्हा पुन्हा नीट करतात, एकामागून एक जपमाळा म्हणतात. यांतले काहीच वाईट नाही, पण रिकामेपणा सोसत नाही म्हणून ते होत असेल तर थांबावे आणि बाकावर नुसते बसावे. अर्धा तास कंटाळा येईल. येऊ द्यावा.

जेवणाच्या टेबलावर

मौन खरोखर शिकायला मिळते ते चॅपेलपेक्षा भोजनगृहात, असे माझे मत आहे. घरी आपण टीव्ही पाहत किंवा फोन चाळत जेवतो आणि काय खाल्ले हे तासाभराने आठवत नाही. इथे चाळीस माणसे एकत्र जेवतात आणि ऐकू येतो तो फक्त स्टीलच्या ताटांचा आणि चमच्यांचा आवाज. वरणाला लसणाची फोडणी आहे, भात किंचित जास्त शिजला आहे, कोणीतरी पाणी पिताना थांबून श्वास घेतला, असे सगळे लक्षात येऊ लागते. एका रिट्रीटमध्ये माझ्यासमोर सत्तरीच्या एक बाई बसत. नाव माहीत नव्हते, बोलायचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवशी मी मीठ शोधत इकडेतिकडे पाहिले तेव्हा त्यांची नजर माझ्या ताटावर होती, आणि मी हात उचलण्यापूर्वी त्यांनी दोन बोटांनी मिठाची वाटी माझ्याकडे सरकवली. त्या हाताला कंप होता, त्यामुळे थोडे मीठ टेबलावर सांडले, ते त्यांनी तळहाताने हळूच गोळा करून ताटाच्या कडेला ठेवले. तोंडाने मागायची सोय असती तर मी मागितले असते, त्यांनी दिले असते, आणि त्यांचा हात मी पाहिलाही नसता.

म्हणून जेवताना मान खाली घालून भिंत उभारल्यासारखे बसू नये. आजूबाजूला कोणाला पाणी हवे, कोणाला पोळी हवी हे पाहावे आणि न सांगता द्यावे. मौन म्हणजे रुसवा नव्हे, हे टेबलावर दिसले पाहिजे. त्याच वेळी भुवया उडवून, खुणा करून, चिठ्ठ्या सरकवून गप्पा मारू नयेत. पतिपत्नी किंवा मैत्रिणी एकत्र आल्या असतील तर त्यांनी वेगवेगळ्या टेबलांवर बसावे. वीस वर्षांच्या संसारात नुसत्या नजरेने अख्खे संभाषण होते, आणि मग मौन नावालाच उरते. दुसरा कोणी बोलताना दिसला तर त्याला डोळे वटारून गप्प करण्याचे कामही आपले नाही. आणि कोणी पडले, कोणाला चक्कर आली, तर लगेच तोंड उघडावे. बेनेडिक्टांनी पाहुण्यासाठी ठेवलेली मुभा अशा वेळेसाठीच आहे.

प्रार्थनेचा तास

दिवसातून तीन-चार वेळा स्वतंत्र प्रार्थनेसाठी साधारण तासभर दिला जातो. त्या तासासाठी एकच उतारा घ्यावा, आणि तोही छोटा. एक ना धड भाराभर चिंध्या, असे वाचनाचे होऊ देऊ नये. पहिल्यांदा येणाऱ्यांना मी १३१ वे स्तोत्र सुचवतो, कारण ते अवघ्या तीन ओव्यांचे आहे आणि दूध तुटलेले बाळ आईजवळ शांत असते तसा माझा जीव शांत आहे, असे त्यात म्हटले आहे. दुधासाठी रडणारे बाळ आईकडे काही तरी मागायला जाते. दूध तुटलेले बाळ नुसते आईजवळ असावे म्हणून जवळ बसते. या एका चित्रावर अख्खा तास जाऊ शकतो.

बसण्याची जागा आधी ठरवावी आणि तास संपेपर्यंत बदलू नये. पाठ सरळ, पाय जमिनीवर, हात मांडीवर. पहिली पाच मिनिटे फक्त आवाज ऐकावेत: कावळे, दूरचा गाडीचा भोंगा, स्वयंपाकघरातली भांडी, आपला श्वास. लोणावळ्याच्या साधना संस्थेमुळे परिचित असलेले फादर अँथनी डिमेलो यांनी अशा साध्या सजगतेचा अभ्यास ख्रिस्ती प्रार्थनेत पुष्कळांना शिकवला. ज्यांना ही रीत परकी वाटते त्यांना मी एवढेच सांगतो की ज्याने कान दिले त्याचेच हे आवाज आहेत. मग उतारा ओठ हलवत, सावकाश, दोनदा वाचावा. एखादा शब्द मनाला लागला की तिथेच थांबावे आणि पुढे जाण्याची घाई करू नये. आत्म्याचे समाधान पुष्कळ जाणण्याने होत नाही, आतून चव घेण्याने होते, हा इग्नेशियस यांच्या शिकवणीचा गाभा आहे. तासाच्या शेवटी मित्राशी बोलावे तसे प्रभूशी आपल्या भाषेत, घरच्या बोलीत, दोन शब्द बोलावेत आणि 'हे आमच्या बापा' ही प्रार्थना म्हणून उठावे.

उठल्यावर पाव तास वेगळ्या जागी बसून किंवा फेऱ्या मारत त्या तासाकडे मागे वळून पाहावे. काय ऐकले, कुठे मन ओढले गेले, कुठे कोरडे वाटले, हे वहीत चार ओळींत लिहावे. चारच ओळी, निबंध नाही.

कोरडा तास प्रत्येकाला येतो. शब्द लाकडासारखे लागतात, घड्याळ पुढे सरकत नाही, आणि पंधरा मिनिटे आधी उठलो तर काय होईल, असे वाटते. अशा वेळी ठरलेल्या तासाहून थोडे जास्तच बसावे, असे इग्नेशियस सांगतात. उदासीच्या काळात आधी घेतलेला निर्णय बदलू नये, हा त्यांचा नियम तर प्रत्येकाने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. शनिवारी रात्री बॅग भरून निघून जावेसे वाटलेली कितीतरी माणसे मी पाहिली आहेत. त्यांतली जी थांबली त्यांना रविवारची सकाळ वेगळी दिसली.

मार्गदर्शकाशी रोज वीस-तीस मिनिटे बोलणे होते आणि त्याने मौन मोडत नाही. तिथे विद्वत्ता दाखवू नये, दिवसात काय घडले तेवढे सांगावे. रडू आले तर येऊ द्यावे. प्रायश्चित्त संस्कार (फादरांपुढे पापांची कबुली) घ्यायचा असेल तर तो शेवटच्या घाईत न ठेवता दुसऱ्या दिवशी घ्यावा, म्हणजे क्षमा मिळाल्यानंतरही काही तास मौनात राहता येते.

घर सोडता येत नसेल तर

अंथरुणाला खिळलेले वडील, तान्हे मूल, सुट्टी न देणारी नोकरी, अशी कारणे खरी असतात, आणि ती असलेल्या माणसाने अपराधी वाटून घेऊ नये. इग्नेशियस यांनीच अशा लोकांसाठी, घर आणि कामधंदा न सोडता रोज साधारण दीड तास देऊन करायच्या साधनेची वाट दाखवून ठेवली आहे. ठाण्यात किंवा नवी मुंबईत तो दीड तास सलग मिळणे कठीण आहे, हे मी जाणतो. पहाटे पाच ते पावणेसहा आणि रात्री सगळे झोपल्यावर पाऊण तास, असे दोन तुकडे बहुतेकांना जमतात. पहाटेचा तुकडा दूधवाला आणि पाण्याचा पंप सुरू होण्याआधीचा असावा. नळाला पाणी आले की घरातले सगळे संसारात येतात.

जागा ठरलेली असावी. वन-बीएचके घरात वेगळी खोली कुठून आणणार, म्हणून खिडकीजवळची एकच खुर्ची ठरवावी आणि तिच्यावर बसलो की मी बोलणार नाही, हे घरच्यांना सांगून ठेवावे. लहान मुलांनाही हे चार दिवसांत कळते. येऊरच्या वाटेने किंवा सीवूड्सच्या पाणथळीकडे फिरायला जाऊन मौन पाळू, असे काही जण ठरवतात, पण सकाळी तिथे ओळखीचे लोक हमखास भेटतात आणि फ्लेमिंगो उतरलेले असले तर कॅमेरेवाल्यांची गर्दी असते. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा सकाळच्या मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) तिथेच अर्धा तास मागच्या बाकावर बसून राहावे. तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये मी असा कितीतरी वेळा बसलो आहे. बाहेर रिक्षांचे हॉर्न चालूच असतात, पहिली दहा मिनिटे ते टोचतात, नंतर ते रिक्षांचे हॉर्न आहेत एवढेच उरते. शांत जागा मिळाल्याशिवाय मौन जमणार नाही, असे म्हणणाऱ्याला आपल्या शहरात मौन कधीच मिळणार नाही.

महिन्यातून एक अर्धा दिवस, समजा दुसऱ्या शनिवारी सकाळी सहा ते बारा, फोन शेजाऱ्यांकडे ठेवून घरी मौन पाळता आले तर फार उत्तम. स्वयंपाक आदल्या रात्री करून ठेवावा किंवा मुकाट्याने करावा. भाजी निवडणे, कणीक मळणे, कपडे वाळत घालणे ही कामे मौनाला पोषक आहेत. इस्त्री मात्र टाळावी, कारण इस्त्री करताना मन हमखास जुने हिशेब काढते. हा माझा अनुभव आहे, तुमचा वेगळा असू शकेल.

मौन सोडताना

रविवारी दुपारच्या जेवणाला बोलण्याची परवानगी मिळते आणि तीन दिवस तुंबलेले शब्द धरण फुटल्यासारखे वाहू लागतात. बसमध्ये बसेपर्यंत आवाज इतका चढतो की पुष्कळांचे डोके दुखू लागते. म्हणून पहिला तास हळू बोलावे, थोडे बोलावे. परतीच्या प्रवासात खिडकीजवळ बसावे आणि फोन कार्यालयातून परत मिळाला तरी घरी पोहोचेपर्यंत सुरू करू नये. नव्वद मेसेज आणखी तीन तास थांबू शकतात. त्याच दिवशी संध्याकाळी लग्नाचे रिसेप्शन किंवा सोसायटीची मीटिंग ठेवू नये.

जे ऐकले ते लगेच सगळ्यांना सांगू नये. ओल्या मातीच्या मडक्यासारखे ते असते, हाताळले की बोटांचे ठसे उमटतात. वहीतल्या चार-चार ओळी आठवडाभराने पुन्हा वाचाव्यात आणि मग एखाद्या विश्वासाच्या माणसाशी बोलावे. रिट्रीटमध्ये घेतलेला मोठा निर्णय, नोकरी सोडण्याचा, लग्नाचा, जमिनीच्या वाटणीचा, मार्गदर्शकाशी बोलल्याशिवाय अमलात आणू नये.

घरी दार उघडताच "काय मग, काय मिळाले तिथे?" असा प्रश्न येईल. "शांत वाटले" एवढे उत्तर पुरे आहे. मग हातपाय धुवावेत, चहा घेऊन बसावे आणि त्या तीन दिवसांत घरात काय काय झाले ते विचारावे: नळ गळत होता तो दुरुस्त झाला का, आईचा गुडघा कसा आहे, धाकट्याचा पेपर कसा गेला. सांगणाऱ्याचे सांगून पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नये.